मीठ न घातलेलं वरण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गाडीच्या टपावर कपाशीच्या काड्यांचा भारा बांधलेला असायचा. जळगावहून निघून घाट उतरेपर्यंत एका तरी नाक्यावर पोलीस हात करायचा आणि विचारायचा, हे सरपण कुठे चाललंय. जिजाजी काच खाली करून सांगायचे, समुद्रावर. मग तो डिकी उघडायला लावायचा. डिकीत असोद्याची वांगी. हिरवी, मोठी, पोत्यात नीट रचलेली. कोकणात लाकूड मिळत नाही का, असं एकाने विचारलं होतं. मिळतं, पण भरताच्या वांग्याला ते चालत नाही, असं जिजाजींनी त्याला समजावलं, आणि समजावताना दोन वांगी त्याच्या हातात दिली.

जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. असोद्याला त्यांची केळीची शेती आहे. मी जळगावात पंप आणि पाइपांचं दुकान चालवतो. बहिणीला घरात आणि गावात सगळे अक्का म्हणतात. समुद्रकाठचं ते घर जिजाजींनी आणि मी मिळून घेतलं, ते अक्कासाठी.

एका मे महिन्यात अक्का भर दुपारी मळ्यातून घरी आली आणि ओट्यावरच कोसळली. ऊन लागलं होतं. आठवडाभर दवाखान्यात होती. डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. रक्तदाब वाढलेला आहे, तर मीठ कमी करा. आणि इथला उन्हाळा यापुढे अंगावर काढू नका. जळगावचा उन्हाळा अंगावर काढायचा नाही म्हणजे उन्हाळ्यात जळगावात राहायचं नाही, याला दुसरा अर्थ नाही. कूलर आम्ही लावून पाहिला, पण वीज गेली की तो फक्त पेटी असतो.

ते गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. नाव लिहीत नाही. लिहून काही साधणार नाही, शेजारच्या गावातही तेच चालू आहे. गावाच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याने आपली आंब्याची बाग विकली होती आणि तिथे प्लॉट पाडले होते. आम्ही गेलो तेव्हा नऊ घरं उभी होती. बागेचा मूळ मालक खाली नारळी-पोफळीच्या वाडीत राहायचा. त्याला आम्ही काका म्हणायचो. त्याच्या वाडीत पणजोबाच्या वेळची जांभ्या दगडाची विहीर होती. पाणी इतकं वर की वाकून कळशी बुडवावी. पहिल्या दिवशी जिजाजी त्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभे राहिले. आमच्याकडे विहिरीत डोकावलं तर तळ दिसत नाही, अंधार दिसतो.

अक्काला ते गाव मानवलं. पहिल्या वर्षी ती मार्च ते जून राहिली, पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर लगेच गेली, आणि तिसऱ्या वर्षापासून असोद्याला फक्त लग्नकार्याला येऊ लागली. सकाळी वाळूवरून चालायची. तोंडावरची तांबूस झाक गेली, गोळीही अर्ध्यावर आली. तिने घरामागे असोद्याहून नेलेले केळीचे कंद लावले. बाकीच्या घरांना वर्षातले अकरा महिने कुलूप असायचं. त्या वसाहतीत दिवा लागलेलं घर म्हणजे अक्काचं, असं रात्री समुद्रावरून परतणारे मासेमारही ओळखायचे, हे काकाने आम्हाला सांगितलं होतं.

भरीत पार्टी आमच्याकडे थंडीत मळ्यात होते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, देठ धरून सालं काढायची, उखळात ठेचायची, वरून मिरची, लसूण, कांद्याची पात. अक्का तिथेच राहू लागली त्या वर्षीच्या डिसेंबरात जिजाजींनी ती समुद्रावर केली, केवळ तिला मळ्याची आठवण यायची म्हणून. भरीत, पुऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी. जेवायला वीसेक माणसं होती. त्यात जिजाजींचे अमळनेरचे एक व्याही होते आणि धुळ्याचे एक कापडवाले होते. दोघांनीही पुढच्या वर्षी तिथे प्लॉट घेतले. मग त्यांनी आपापले पाहुणे आणले. प्लॉट पाडणारा मनुष्य हुशार होता. त्याने जाहिरातीचा फलक लावला नाही, डिसेंबरात आमच्या मांडवाला खुर्च्या फुकट पुरवल्या. भरीत खाऊन गेलेला मनुष्य वर्षभरात प्लॉटवाला होऊन परत यायचा. समुद्र त्यांना कोणीही दाखवला असता. समुद्राकाठी आपलं जेवण, आपली बोली आणि आपली माणसं फक्त आमच्या मांडवात होती. सहाव्या वर्षी घरं चाळीसच्या वर गेली. पंगती तीन झाल्या.

पाण्याचं मी दुकानदार म्हणून पाहत होतो. कोणत्या घरात किती हॉर्सपॉवरचा पंप आहे, हे मला आवाजावरून कळतं. पहिल्या वर्षी संध्याकाळी लाटा ऐकू यायच्या. आता नाताळच्या आठवड्यात सहा वाजता सगळ्या टाक्या एकदम भरायला लागत आणि पंपांची घरघर जेवणं होईपर्यंत थांबत नसे. घरागणिक बोअर होतं. दोघांनी पोहायचे हौद केले होते. समुद्र चालत पाच मिनिटांवर असताना.

पाचव्या वर्षी घरमालकांची बैठक झाली तेव्हा मी बोललो. मी म्हणालो, इथे पाऊस आपल्या चौपट पडतो हे खरं, पण हा दगड सच्छिद्र आहे, पडलेलं पाणी तो धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर जे उरतं ते थोडं असतं आणि आपण सगळे नेमके दिवाळीनंतर येतो. तेव्हा घरांचा आकडा इथेच थांबवा. ते जमत नसेल तर पंपांना तास ठरवून द्या, आपल्याकडे केळीला लाइटीचे तास असतात तसे. मी पंप विकणारा मनुष्य हे सांगतो आहे, एवढं तरी लक्षात घ्या.

धुळ्याचे कापडवाले म्हणाले, "समुद्राच्या काठावर बसून दुष्काळ मोजणारा मनुष्य मी पहिल्यांदाच पाहिला."

सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. मग प्लॉट पाडणाऱ्याने सांगितलं की वरच्या डोंगरावर दुसरा टप्पा येतो आहे, पाण्याची काळजी नको, टँकरवाले गावातच आहेत. टँकर काकाच्या विहिरीवर भरायचे. काका बैठकीला आला होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पावसात भरते हो ती, दरवर्षी भरते. त्याचंही खोटं नव्हतं.

जिजाजी त्या बैठकीत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, भाऊ, तू उगीच घाबरवतो लोकांना. त्यांचं आयुष्य पाण्यामागे गेलं आहे. वडिलांच्या वेळी विहीर होती. ती आटली तेव्हा तिच्या पोटात आडवे बोअर मारले. ते आटले तेव्हा उभे मारले, मग मोटर खाली सोडली, मग आणखी खाली. दर वेळी पाणी लागलं. त्या पाण्यावर केळी झाली, मुलीचं लग्न झालं, अक्काचा दवाखाना झाला. पाणी खाली गेलं की आपण खाली जायचं, हा त्यांचा नियम आहे आणि असोद्याला तो आजवर खोटा ठरलेला नाही. आमच्याकडे त्या पाण्याच्या खाली काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. तिथे मात्र खाली काय आहे ते घराच्या गच्चीवरून दिसत होतं.

मागच्या डिसेंबरात मी दोन दिवस आधी पोचलो. नळाच्या तोंडाशी पांढरी कड धरली होती. आंघोळीला साबण फेसाळेना. घरामागच्या केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, आणि अक्का रोज त्या कडा कात्रीने कापून टाकत होती असं दिसलं, कारण पानं सरळ रेषेत कापलेली होती. करपलेलं पान कापायची आमच्याकडे रीत आहे, पण ती रोगासाठी. मी तिला विचारलं, रोग पडलाय का. ती म्हणाली, खारा वारा असतो.

वारा पहिल्या वर्षीही तिथेच होता.

वरण-बट्टीच्या दिवशी सकाळपासून डाळ शिजेना. अक्काने ती तीनदा चुलीवर चढवली. उशिरा का होईना पंगती बसल्या आणि वरण सगळ्यांना आवडलं. कापडवाल्यांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. जिजाजी वाढता वाढता म्हणत होते, अक्काच्या हातचं मीठ कधी चुकत नाही. मी जेवून वाटी घेऊन आत गेलो आणि तिला सहज म्हणालो, अक्का, वरणात मीठ बेताचंच टाकत जा, तुला डॉक्टरांनी सांगितलंय.

ती पळी पुसत होती. पुसत राहिली. बाहेर कोणी नाही असं पाहून म्हणाली, "मीठ टाकलंच नही मी."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"दिवाळीपासून टाकत नही. चवीले बराबर लागतं ना? मंग झालं."

मी पातेल्यातलं वरण पुन्हा चाखलं. मीठ होतं. शंभरावर माणसं ते खाऊन उठली होती आणि एकालाही काही वावगं वाटलं नव्हतं. ते मीठ कुठून आलं हे मला दुकानदाराला सांगावं लागत नव्हतं. मी विचारलं, पितेस काय? तर बाटलीचं पाणी आणते म्हणाली, पण भाजी, भात, चहा, कणीक सगळं नळाच्या पाण्यात. गोळी कधीची पूर्ण झाली होती, तेही तेव्हाच सांगितलं. पूर्ण म्हणजे अर्धीची पुन्हा एक, आणि आता संध्याकाळीही एक.

"जिजाजींना सांगितलंस?"

"त्याइले नको सांगजो. सांगशीन तर मशीन आणतीन." मशीन म्हणजे बोअरचं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "अन् मी मे महिन्यात असोद्याले येत नही. तिथं मी मरीन, भाऊ. इथं मीठ तरी दिसत नही."

अक्का कधी असं बोलत नाही. रात्रभर मी दोन्ही बाजू मांडत राहिलो. इकडे ऊन, तिकडे मीठ. डॉक्टरांनी दोन्ही एका कागदावर लिहून दिलं होतं. सकाळी चहाच्या वेळी मी जिजाजींना सांगितलं. न सांगता निघणं मला जमलं नसतं. अक्का समोर होती, ती उठून आत गेली.

जिजाजी नळाशी गेले. ओंजळीत पाणी घेऊन प्यायले, पुन्हा एकदा घेतलं. ते रोज चहा पीत होते, वरण खात होते, पण नुसतं पाणी त्यांनी तिथे कित्येक महिन्यांत चाखलं नव्हतं. बराच वेळ ते नळाची ती पांढरी कड अंगठ्याने घासत उभे होते. मग म्हणाले, "मंग खाली जाऊ."

मी म्हणालो, खाली समुद्र आहे.

"समुद्र तिकडे हाये," त्यांनी हात लांब केला. "आपून सरळ खाली चाललो."

संक्रांतीच्या आधी मशीन आलं. मी जळगावात होतो. जिजाजी दर तासाला फोन करून काय लागलं ते सांगत होते. जांभा संपला, काळा दगड लागला, ओल लागली. दुपारी फोनवर मला नुसता पाण्याचा फवारा ऐकू आला आणि मागून लोकांचा गलका. पाणी गोड होतं. कॉलनीतल्या दोघा-तिघांनी चाखून पाहिलं, काकाने नारळ फोडला. त्या रात्री अक्काने वरणात मीठ घातलं, हे जिजाजींनी मला मुद्दाम कळवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी चुकलो होतो याचा त्यांना आनंद झाला होता आणि मलाही झाला.

मशीन गावात आलंच आहे, तर आमचंही उरकून घ्या, असे फोन धुळ्याहून, अमळनेरहून, बोदवडहून गेले. मालक आपापल्या गावी बसून होते, किल्ल्या काकाकडे होत्या. मशीन एका प्लॉटवरून दुसऱ्यावर सरकत गेलं. जिजाजींचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून प्रत्येकाने त्याच्यापेक्षा थोडं खाली सांगितलं. अक्का सांगते, फेब्रुवारीत आंब्याच्या मोहरावरही दगडाची भुकटी बसली होती.

होळीच्या सुमाराला अक्काचं मीठ पुन्हा थांबलं. या वेळी तिने ते लपवलं नाही. एक दिवस मुद्दाम वरणात मीठ घालून तिने जिजाजींना वाढलं, आणि त्यांनी पहिल्या घासाला ताट बाजूला सारलं. नव्या बोअरचं पाणी जुन्यापेक्षा खारट झालं होतं. त्याच आठवड्यात काका एक तांब्या घेऊन वर आला. विहिरीचं पाणी होतं. तो ओसरीवर बसला नाही, उभ्यानेच तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "तुमच्याकडे असंच येतंय का हो?"

जिजाजींनी तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत. हो म्हणाले.

काका म्हणाला, पावसात धुऊन निघेल. मग म्हणाला, आमच्या पणजोबाने हे पाणी पाहिलं नसेल. टँकरवाल्यांनी त्याची विहीर सोडली होती, ते आता दोन गावं पलीकडे जात होते. तो तांब्या तिथेच विसरून खाली गेला. कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर जिजाजींना बरं वाटलं असतं, असं अक्का म्हणते.

एप्रिलच्या सुरुवातीला मी गाडी घेऊन गेलो आणि तिला घेऊन आलो. गोळ्या घेऊनही तिचा रक्तदाब खाली येत नव्हता. निघताना तिने केळीकडे पाहिलं नाही. एक पाच लिटरचा कॅन नळावर भरला आणि गाडीत पायाशी ठेवला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, राहू दे. आमच्या उलट दिशेने गाड्या येत होत्या. सुट्ट्या लागायच्या होत्या, घरं उघडायची होती. टपांवर गाद्या होत्या, एका टपावर रबरी होडी.

आता मे चालू आहे. अक्का असोद्यात मधल्या खोलीत असते. खिडक्यांना ओली पोती, कूलर, दाराला पडदा. सकाळी दहानंतर ती त्या खोलीतून बाहेर येत नाही, आणि संध्याकाळी तिच्या रक्तदाबाचा आकडा मी विचारला तर जिजाजी सांगत नाहीत. वीज गेली की ते स्वतः पंखा घेऊन तिच्याशेजारी बसतात. पाऊस लागला की परत जाऊ, असं तिला सांगतात. ती हो म्हणते. घर विकायला काढलेलं नाही. विकलं तर विकत घेणाऱ्याला काय सांगायचं, हे आमचं दोघांचं ठरत नाही.

गेल्या रविवारी मी असोद्याला होतो तेव्हा अमळनेरचं एक जोडपं आलं. मागच्या डिसेंबरात आमच्या मांडवात जेवून गेलेलं. नवरा शाळेतून नुकताच निवृत्त झालेला, बायको गुडघ्यांनी बेजार. डोंगरावरच्या दुसऱ्या टप्प्यात प्लॉट बघितला होता, घेण्याआधी नानांचा, म्हणजे जिजाजींचा, सल्ला घ्यावा म्हणून आले होते. माणसं भली होती. येताना अमळनेरचं तेल आणलं होतं अक्कासाठी.

त्यांनी विचारलं, पाणी कसं आहे.

जिजाजी जमिनीकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आतून अक्का आली. दार उघडल्याबरोबर खोलीतला गारवा आणि बाहेरचा झोत एकमेकांवर आदळले, आणि तिने चौकट धरली. दुसऱ्या हातात पेला होता. तिने तो त्या गृहस्थांपुढे धरला. कॅनमधलं पाणी होतं.

"तिथलं हाये. प्या."

त्यांनी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं नाही, सभ्य मनुष्य. गिळला आणि पेला बायकोकडे दिला. तिने वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, काही न वगळता. वरण, मशीन, काकाची विहीर, अक्काच्या गोळ्या. ते मन लावून ऐकत होते. मध्येमध्ये मान हलवत होते. मला वाटलं, या एका घराचं तरी टळलं.

माझं संपल्यावर ते थोडे पुढे सरकले आणि जिजाजींना म्हणाले, "नाना, तुमनं बोअर कितला फूट शे?"

जिजाजींनी आकडा सांगितला. बोअरचं विचारलं की ते आकडा सांगतात, आयुष्यभराची सवय आहे.

त्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं आणि हिशेब जुळल्यासारखी मान हलवली. "म्हंजे आमले त्यानापेक्षा खाल जानं पडी." मग अक्काकडे वळून विचारलं की यंदा भरीत आहे ना, आम्ही येणार.

अक्काने खाली ठेवलेला पेला उचलला. उरलेलं पाणी ती नेहमी दारातल्या कढीपत्त्याला घालते. ती त्या झाडापाशी गेली, थांबली, आणि मागे फिरून तो मोरीत ओतला.